काचेचा धंदा करताय? आधी ‘घट’ धरा! फिश टँकसाठी हाताने फुंकलेल्या काचवस्तूंचा पूर्ण हिशेब



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण घरच्या फिश टँकमध्ये ठेवायच्या काचेच्या शोभेच्या वस्तू बघितल्या. पाण्यावर तरंगणारी जेलीफिश, खाली सोडलेले छोटे मासे, झाडाची कुंडी, खाऊ घालायची नळी, असं बरंच काही. पण दहा मिनिटांच्या व्हिडिओत हिशेब मावत नाही. म्हणून तो इथे सविस्तर मांडतोय. वही-पेन घेऊन बसा.

हा विषय मला सुचला तो सायखेड्यात. निफाड तालुक्यातलं गोदाकाठचं गाव. तिथल्या एका ताईंनी आग्रहाने घरी बोलावलं होतं. त्यांचा धाकटा भाऊ प्रयोगशाळेचं काचसामान बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये चार वर्षं काम करून परत आलाय. हातात कला पक्की. त्याने समोर एक पारदर्शक जेलीफिश ठेवली, बादलीत सोडली, आणि ती अशी काही डुलायला लागली की मीही बघतच राहिलो.

मग ताई म्हणाल्या, “सर, आईच्या नावावर दीड लाखाची ठेव आहे. ती मोडून भट्टी घ्यायची म्हणतोय. एक नग शंभर रुपयांत पडतो, दीडशे-एकशे साठला सहज जाईल. मोडू का ठेव?”

मी विचारलं, “शंभर बनवले तर किती फुटतात?”

भाऊ हसला. म्हणाला, “फुटतात सर थोडे. काच आहे ती.”

तिथेच थांबलो. कारण या धंद्याचं सगळं गणित त्या ‘थोडे’मध्ये आहे.

कांद्याला घट धरता, मग काचेला का नाही?

सायखेड्यात कुणालाही विचारा. चाळीत उन्हाळ कांदा भरताना शेतकरी शंभर क्विंटल भरले म्हणून शंभर क्विंटलचे पैसे धरत नाही. वजन कमी होणार, काही सडणार, काही कोंब काढणार. ही घट आधीच मनात धरलेली असते. भाव चांगला मिळाला तरी घट जास्त निघाली तर हाती काही उरत नाही, हे लहान पोरालाही माहीत.

काचेतही घट असते. आपण तिला ‘फूट’ म्हणू. ती चार ठिकाणी होते :

१. बर्नरवर काम करताना.
२. वस्तू थंड होताना, किंवा थंड झाल्यावर दोन दिवसांनी.
३. पार्सलच्या प्रवासात.
४. गिऱ्हाइकाच्या टँकमध्ये.

पहिली फूट सगळ्यात स्वस्त आणि चौथी सगळ्यात महाग. बर्नरवर फुटलेल्या नगात काच आणि गॅस जातो. टँकमध्ये फुटलेल्या नगात गिऱ्हाइकाचा मासा जखमी होतो आणि तुमचं नाव जातं. म्हणून फूट जितकी अलीकडे पकडाल तितकं बरं.

आता आकडे मांडू

हे आकडे हिशेब समजावा म्हणून घेतलेत. तुमच्या गावचे दर तुम्ही भरा, पद्धत हीच ठेवा.

समजा महिन्यात १०० नग बनवले.

- काचेच्या कांड्या आणि नळ्या : ३,००० रुपये
- गॅस आणि ऑक्सिजन : ४,००० रुपये
- वीज : ८०० रुपये
- स्वतःची मजुरी (नगाला १५ मिनिटं म्हणजे २५ तास, तासाला १०० रुपये) : २,५०० रुपये
- एकूण : १०,३०० रुपये

ताई म्हणतात ते बरोबर, नग १०३ रुपयांना पडला. पॅकिंगचे ३५ धरले तर १३८. म्हणजे १६० ला विकला की २२ रुपये सुटले. वाटतं ना असं?

आता फूट धरा. १०० पैकी १२ बर्नरवर बिघडले, उरले ८८. थंड होताना आणि तपासणीत ८ गेले, उरले ८०. हे ८० पॅक करून पाठवले, पॅकिंग खर्च २,८०० रुपये. त्यातले ५ वाटेत फुटले. त्या गिऱ्हाइकांना वस्तूचे पैसे परत द्यावे लागले, वर त्यांच्याकडून घेतलेलं कुरिअरचं भाडं, प्रत्येकी ६० प्रमाणे ३०० रुपये, तेही परत केलं.

एकूण खर्च झाला १३,४०० रुपये. पैसे मिळाले फक्त ७५ नगांचे. १३,४०० भागिले ७५, म्हणजे नग पडला जवळजवळ १७९ रुपयांना!

१६० ने ७५ नगांचे आले १२,००० रुपये. तोटा १,४००. आणि गंमत बघा, हा तोटा डोळ्यांना दिसत नाही. कारण तो तुमच्या मजुरीतून जातो. महिनाभर राबायचं, पार्सलं भरभरून जातायत, ऑर्डर येतायत, आणि घरात पैसा का दिसत नाही ते कळत नाही. असे कितीतरी हुशार कारागीर दोन वर्षांत धंदा बंद करून परत नोकरीला लागतात.

आता दुसरी बाजू. समजा बर्नरवरची फूट १२ वरून ६ वर आणली, थंड होतानाची ८ वरून ३ वर, आणि वाटेतली ५ वरून १ वर. मग ९१ नग पाठवले, ९० चे पैसे मिळाले. खर्च : १०,३०० अधिक पॅकिंगचे ३,१८५ अधिक परत केलेलं भाडं ६०, एकूण १३,५४५. नग पडला साधारण १५१ रुपयांना.

काच स्वस्त मिळाली नाही, गॅस स्वस्त मिळाला नाही, भावही वाढवला नाही. फक्त फूट कमी केली आणि नगामागे २८ रुपये वाचले. तोट्यातला धंदा मजुरी वजा जाऊन फायद्यात आला.

मग फूट कमी कशी करायची? एकेक ठिकाण घेऊ.

बर्नरवरची फूट : भट्टी नको, टेबल पुरे

काच फुंकण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत मोठ्या भट्टीत काच वितळवतात आणि लांब पोकळ नळीच्या टोकावर गोळा घेऊन फुंकतात. फिरोजाबादचे मोठे कारखाने असे चालतात. ही भट्टी हजार अंशांच्या वर तापवून दिवसरात्र चालू ठेवावी लागते. ऑर्डर असो नसो, इंधन जळतंच. नव्या माणसाने याच्या नादी लागू नये.

दुसरी पद्धत टेबलावरच्या बर्नरची. तयार काचेची कांडी किंवा नळी ज्योतीत मऊ करायची आणि तोंडाने फुंकून, चिमट्याने ओढून आकार द्यायचा. काम असेल तेव्हाच ज्योत पेटते. ताईंचा भाऊ हेच शिकलाय. म्हणून माझं पहिलं उत्तर होतं, भट्टी घ्यायचीच नाही.

काच कोणती? दोन प्रकार लक्षात ठेवा. साधी सोडा-लाइम काच, म्हणजे बाटल्या-बांगड्यांची. आणि बोरोसिलिकेट, म्हणजे प्रयोगशाळेच्या चंचुपात्राची. साधी काच सुमारे सातशे अंशांपुढे मऊ पडते, बोरोसिलिकेटला आठशेच्या वर जावं लागतं आणि ज्योतीला ऑक्सिजन जोडावाच लागतो. पण तापल्यावर बोरोसिलिकेट साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच प्रसरण पावते, म्हणून काम करताना कमी तडकते.

या दोन काचा एकमेकींना कधीही जोडू नका. गरम असताना बेमालूम चिकटतात. थंड होताना एक जास्त आकसते, दुसरी कमी, आणि जोडावर तडा जातो. भंगारातली काच वापरून पैसे वाचवायला जाल तर फूट इथूनच सुरू होते. कोणती काच कुठली हे भंगारात कळत नाही.

थंड होतानाची फूट : घाई केली की गेली

गरम ग्लासात गार पाणी ओतलं की तडकतो, हे प्रत्येक घरात झालंय. तसंच इथे. तयार वस्तू ज्योतीतून काढून टेबलावर ठेवली की बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला गरमच राहतो. नंतर आतला आकसायला लागतो, बाहेरचा सोडत नाही. काचेत ताण अडकतो. वस्तू वरून सुंदर दिसते आणि तिसऱ्या दिवशी कपाटात आपोआप ‘टिक’ करून फुटते.

उपाय एकच, अ‍ॅनीलिंग. विजेच्या छोट्या भट्टीत बोरोसिलिकेट वस्तू ५६० अंशांच्या आसपास काही वेळ ठेवायची, मग तापमान हळूहळू उतरवायचं. जाड वस्तूला जास्त वेळ लागतो. दीड लाखातला पहिला मोठा खर्च करायचाच असेल तर तो या भट्टीवर करा. कंट्रोलर चांगला घ्या.

ताण उरला की नाही हे बघायची एक सोपी युक्ती. कॉम्प्युटरचा एलसीडी स्क्रीन पूर्ण पांढरा करा. वस्तू त्याच्यासमोर धरा आणि पोलराइज्ड गॉगलमधून बघा. गॉगल फिरवत स्क्रीन काळा दिसेपर्यंत आणा. आता काचेत कुठे उजळ किंवा रंगीत पट्टे चमकले तर तिथे ताण आहे. तो नग परत भट्टीत घाला. अशी तपासणी प्रत्येक नगाची करायची, ‘दहात एक’ असं चालणार नाही.

वाटेतली फूट : निफाडच्या लोकांना हे शिकवायची गरज नाही

मी स्वतः एकदा दिवाळीला काचेच्या चाळीस वस्तू एका खोक्यात भरून पाठवल्या होत्या. अकरा फुटल्या. कुरिअरवाल्याशी भांडलो. नंतर शांतपणे बघितलं तर वस्तू एकमेकींवर आपटून फुटल्या होत्या. चूक माझ्या पॅकिंगची होती.

द्राक्ष परदेशी पाठवणारा तालुका आहे तुमचा. एका मण्याला डाग पडला तर पेटी नाकारली जाते, म्हणून घड कसा हाताळायचा हे तिथल्या बायकांच्या हातात बसलेलं आहे. तीच सवय इथे लावा :

१. पोकळ भागात मऊ कागद हलका भरा. लांब शेपट्या, पाय, पंख यांना वेगळा आधार द्या.
२. प्रत्येक नग वेगळा गुंडाळा. काच काचेला लागता कामा नये.
३. छोटं खोकं मोठ्या खोक्यात ठेवा, मध्ये सगळीकडून चार-पाच सेंटिमीटर भराव. खोकं हलवलं तर आतून आवाज यायला नको.
४. कंबरेच्या उंचीवरून सहाही बाजूंनी पाडून बघा. फुटलं तर घरात फुटलं, शिकायला मिळालं.

आणि वस्तूची रचनाच पॅकिंग डोळ्यांसमोर ठेवून करा. जेलीफिशचे दहा बारीक पाय फोटोत छान दिसतात, पण वाटेत तेच मोडतात. पाच जाडसर पाय करा.

गिऱ्हाइकाच्या टँकमधली फूट : इथे जीव आहे

साधी शोभेची वस्तू शोकेसमध्ये राहते. आपली वस्तू जिवंत माशांच्या घरात जाते. म्हणून काही नियम पाळायचेच.

- धार नको. प्रत्येक कड ज्योतीत गोल करा. वस्तूवरून पातळ कापूस फिरवा. धागा अडकला तर माशाचा पंखही अडकेल. फायटर आणि गोल्डफिशची शेपटी फार नाजूक असते.
- भोक एक तर मोठं, नाही तर मासा शिरणारच नाही इतकं छोटं. मधल्या मापाच्या भोकात मासा अडकून मरतो.
- वरून रंग नको, आरशाचा मुलामा नको. रंग काचेतच असावा. लाल, केशरी, पिवळ्या रंगाच्या काही काचांत कॅडमियम असतं, म्हणून सुरुवात पारदर्शक काचेने करा.
- तांब्याची तार अजिबात नको. पाण्यात उतरलेलं तांबं कोळंबी आणि गोगलगायींचा जीव घेतं. लटकवायला नायलॉनचा मासेमारीचा दोरा वापरा.
- आतून साफ करता आलं पाहिजे. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर आणि शेवाळ बसतंच. बाटलीचा ब्रश जाईल एवढं तोंड ठेवा आणि व्हिनेगरने कसं धुवायचं याची चिठ्ठी सोबत द्या.

आता तरंगण्याचं गणित. पूर्वी नॉर्वे आणि जपानचे कोळी जाळी तरंगत ठेवायला फुंकलेले बंद काचगोळे वापरायचे. तत्त्व तेच. बंद गोळा आपल्या आकाराएवढं पाणी बाजूला सारतो. ३ सेंटिमीटर व्यासाचा गोळा साधारण १४ मिलिलिटर, ४ चा ३३, ५ चा ६५ मिलिलिटर. म्हणजे ५ सेंटिमीटरचा बंद गोळा ६५ ग्रॅमपेक्षा हलका असेल तर तो तरंगणारच, तळाला बसणार नाही. तरंगायची वस्तू असेल तर गोळा बंद करा, तळाला ठेवायची असेल तर पाणी आत शिरेल असं भोक ठेवा. व्यास दुप्पट केला की उचल आठपट होते, हे विसरू नका.

विक्रीआधी प्रत्येक नवं डिझाइन स्वतःच्या टँकमध्ये तीस दिवस ठेवा. गप्पी आणि गोगलगायी सोडा. रोज दोन ओळी वहीत लिहा. ही वहीच पुढे तुमची जाहिरात होईल.

आधी काय विकायचं?

इथे आपल्याच महाराष्ट्राचा इतिहास बघा. लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे इथे काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे यांची ती कल्पना, लोकमान्य टिळकांचा तिला पाठिंबा. तिथे माल तयार व्हायचा तशीच माणसंही तयार व्हायची. पुढे कराडजवळ ओगले बंधूंनी काच कारखाना उभारला. ते ठिकाण ओगलेवाडी म्हणूनच ओळखलं जाऊ लागलं, आणि त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील घराघरांत गेला.

कंदील का चालला? घराला त्याची गरज होती, आणि कंदिलाची काच फुटली की दुसरी घ्यावीच लागते. शोभेची वस्तू माणूस एकदा घेतो, उपयोगाची परत घेतो. म्हणून पहिल्या दहा वस्तूंत निम्म्या उपयोगाच्या ठेवा : कोळंबीला खाऊ घालायची नळी आणि ताटली, झाडाची कुंडी, पाणी सोडायची काचेची नळी. जपानच्या ताकाशी अमानो यांच्या शैलीचे वनस्पतींचे टँक लावणारे शौकीन पारदर्शक नळ्या मुद्दाम शोधतात. जेलीफिश बघून गिऱ्हाईक थांबेल, पण दुसऱ्यांदा येईल ते नळीसाठी.

जागा, सुरक्षा आणि कागद

१. घरगुती गॅस सिलिंडर धंद्याला वापरणं बेकायदा आहे. व्यावसायिक सिलिंडर घ्या. बर्नरला फ्लॅशबॅक अरेस्टर लावा. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल-ग्रीस लावू नका, आग लागते.
२. ज्योतीतला पिवळा झगमगाट अडवणारा डिडिमियम चष्मा घाला. खोलीत हवा खेळती हवी.
३. सायखेडा-चांदोरीकरांसाठी खास : २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचं पाणी गावात शिरलं होतं. पूररेषेच्या वर, शक्यतो उंच जोत्यावर जागा घ्या. विजेची भट्टी आणि तयार माल जमिनीवर ठेवू नका, सिलिंडर साखळीने बांधा.
४. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत काचकाम नाही, त्यामुळे ‘मी करून देतो’ म्हणणाऱ्यापासून सावध. कर्ज लागलंच तर पीएमईजीपीबद्दल नाशिकच्या जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन चालू नियम विचारा.
५. दुसऱ्या राज्यात माल पाठवण्याआधी जीएसटीबाबत सीएचा सल्ला घ्या.

मग ठेव मोडायची का?

मी ताईंना सांगितलं, आज नाही. आधी ओळखीच्या वर्कशॉपमध्ये तासावर बर्नर भाड्याने घ्या, तिथल्याच भट्टीत अ‍ॅनीलिंग करा. पन्नास नग बनवा. एका वहीत चार रकाने आखा : बर्नर, थंड होताना, वाट, टँक. प्रत्येक फुटलेला नग त्यात लिहा, आणि का फुटला तेही लिहा. नाशिकच्या दोन दुकानांत पाच-पाच नग विक्रीनंतर पैसे या बोलीवर ठेवा. पन्नासातल्या किमान चाळीस नगांचे पैसे हातात आले आणि मजुरी धरून नगाची खरी किंमत विक्रीभावाच्या खाली राहिली, तरच ठेवीतला निम्मा पैसा काढा. तोही आधी अ‍ॅनीलिंगच्या भट्टीसाठी.

भावाला हे आवडलं नाही. त्याला वाटलं मी त्याच्या हातावर शंका घेतोय. मी म्हटलं, “दादा, तुझा हात चांगलाच आहे. पण आईची ठेव हातावर नाही, वहीवर मोडायची.”

परवा ताईंनी वहीच्या पानाचा फोटो पाठवला. पहिले वीस नग. सहा फुटले. त्यातले चार थंड होताना, आणि चारही एकाच डिझाइनचे. पाय आणि अंग जोडलंय तिथेच. खाली भावाच्या अक्षरात लिहिलंय, ‘जोड जाड झाला, भट्टीत जास्त वेळ ठेवायला हवा होता.’

ठेव अजून मोडलेली नाही. पण धंदा त्या पानावर सुरू झालाय.

तुमचा गृहपाठ : तुमचा धंदा काचेचा नसेल तरी चालेल. पापड असो, मातीच्या पणत्या असोत, केक असो. या आठवड्यात बनवलेले नग आणि पैसे मिळालेले नग, दोन्ही आकडे लिहा. मधला फरक म्हणजे तुमची घट. ती धरून नगाची किंमत पुन्हा काढा. आकडा बघून दचकलात, तर समजा अभ्यास बरोबर झाला.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत, हिशेब पक्का तर धंदा पक्का!